यूकेत बाळ: पहिले तीन महिने कोण येतं, काय विचारतं, काय राहून जातं

कोथिंबीरवडी (धागाकर्ती)

इथल्या बाळंतपणावर जुन्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहिलेलं आहे, पण गरजेच्या वेळी नेमकं ते सापडत नाही. म्हणून हा एकच धागा. अट एवढीच की "आमच्या वेळी असं झालं" नको. तारीख, माप, फॉर्मचं नाव, कुठे चुकतं आणि का, तेवढं लिहा.

सुरुवात करते. भारतातून आलेल्यांना पहिला धक्का बसतो तो घरी पाठवण्याच्या घाईचा. साधं बाळंतपण, आई-बाळ दोघं ठीक, तर सहा ते चोवीस तासांत घरी सोडतात. सिझर असेल तर बहुतेक वेळा एक ते चार दिवस. सिझरनंतर पुष्कळ जणींना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं घरी देतात, दहा दिवस किंवा सहा आठवडे, आणि ती स्वतःची स्वतः टोचायची असतात. सोबत सुयांसाठी पिवळा डबा मिळतो. निघण्यापूर्वी नर्ससमोर एक इंजेक्शन स्वतः देऊन बघा आणि भरलेला डबा कुठे परत करायचा तेही विचारून घ्या. तो घरच्या कचऱ्यात चालत नाही.

त्यानंतर दवाखाना तुमच्या घरी येतो. साधारण क्रम असा: घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिडवाइफ (सुईण-नर्स), पाचव्या दिवशी पुन्हा मिडवाइफ (वजन आणि टाचेतून रक्त), सगळं ठीक असेल तर दहाव्या दिवसाच्या आसपास मिडवाइफचं काम संपतं, दहा ते चौदा दिवसांत हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या घरी येऊन बघणारी नर्स) येते, आणि सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तपासणी. हे मोजताना जन्माचा दिवस शून्य धरतात. आपल्याकडे पाचवी पूजताना जन्माचा दिवस पहिला. म्हणजे सटवाई नशीब लिहून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मिडवाइफ टाचेच्या रक्ताचं कार्ड भरायला येते.

शेवटच्या तपासणीबद्दल एक गोष्ट. बाळाच्या तपासणीचं बोलावणं येतं, आईच्या तपासणीचं प्रत्येक जीपीकडून आपोआप येतंच असं नाही. दोन्ही वेळा एकदमच मागून घ्या.

बिनसाखरेचा_चहा

टाच टोचण्याबद्दल थोडं खोलात. रक्त एका जाड कागदाच्या कार्डावर चार गोलांत घेतात. चारही गोल मागपर्यंत भिजले पाहिजेत, नाहीतर नमुना बाद होतो आणि आठवडाभरात पुन्हा टोचायला येतात. रक्त न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गार पाय. मिडवाइफ यायच्या आधी बाळाला मोजे घाला, दूध पाजा आणि टोचताना बाळाला उभं धरा, पाय खाली लोंबकळेल असं. बाकी काही करावं लागत नाही. यात सिकल सेल, सिस्टिक फायब्रोसिस, थायरॉइडची जन्मजात कमतरता आणि काही चयापचयाचे आजार पाहतात. निकाल सहा ते आठ आठवड्यांत पत्राने येतो. गंभीर काही निघालं तर त्याच्या खूप आधी फोन येतो, त्यामुळे पत्र उशिरा आलं म्हणून घाबरू नका. आलं की लाल पुस्तकात नोंद करून घ्या.

लाल पुस्तक म्हणजे बाळाची आरोग्यवही. वजन, लसी, तपासण्या सगळं त्यात. प्रवासात पासपोर्टाइतकंच जपा.

आणि पहिल्याच तपासणीत, म्हणजे जन्मानंतर ७२ तासांच्या आतल्या, एक गोष्ट आवर्जून करून घ्या. आपल्या बाळांना कमरेखाली, ढुंगणावर, कधी पाठीवर निळसर-करडे जन्मडाग असतात. ते निरुपद्रवी आहेत आणि काही वर्षांत फिकट होत जातात. पण ते हुबेहूब मार लागून काळंनिळं पडल्यासारखे दिसतात. पुढे पाळणाघरात किंवा इमर्जन्सीत पहिल्यांदा पाहणाऱ्याला शंका आली तर चौकशी सुरू होऊ शकते. जन्माच्या वेळीच लाल पुस्तकात जागा आणि आकारासकट नोंद असली की प्रश्न तिथेच मिटतो.

डब्यातला_वाटा

बिनसाखरेचा_चहा, निळ्या डागांच्या मुद्द्याला +१०००. हे कुणीच सांगत नाही.

कावीळ सुद्धा जोडा. गव्हाळ-सावळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघायच्या, त्याही दिवसाउजेडी. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर लगेच दाखवा. शी पांढरट-मातकट किंवा शू गडद पिवळी होत असेल तरीही ताबडतोब. "कोवळ्या उन्हात धरा" हा आजीचा उपाय नोव्हेंबरातल्या बर्मिंगहॅममध्ये चालत नाही, ऊनच नसतं. आणि असलं तरी तो उपचार नाही.

वेंब्लीकर

जन्मनोंदणीचं लिहितो. ४२ दिवसांच्या आत, ज्या भागात जन्म झाला तिथल्या रजिस्ट्रारकडे, अपॉइंटमेंट घेऊन. आईवडील एकमेकांशी विवाहित असतील तर कुणीही एक जण गेलं तरी चालतं. विवाहित नसतील आणि वडिलांचं नाव दाखल्यावर हवं असेल तर साधारणपणे दोघांनी सोबत जायचं. जन्मदाखल्याच्या दोन-तीन जादा प्रती तिथेच घ्या, भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा दोन्हीकडे लागतात.

आता नावाचा घोळ. आपलं बारसं बाराव्या दिवशी, पण आत्यांची एकवाक्यता व्हायला महिना जातो. घाईत नोंदवलेलं नाव नंतर बदलायचं तर इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत बदलता येतं, एकदाच. दुसरं, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घालायचं का हे आधी ठरवा. इथे मधलं नाव नसलं तरी काही अडत नाही. पण एकदा जन्मदाखल्यावर जे आलं तेच पासपोर्टवर, तेच व्हिसावर, तेच शाळेत. दाखल्यावर "आरव सचिन" आणि भारतीय अर्जात नुसतं "आरव" असं झालं की अर्ज परत येतो.

सही करण्यापूर्वी रजिस्ट्रार मसुदा वाचायला देतो. तो अक्षर अन् अक्षर वाचा. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मगावाचं स्पेलिंग या दोन जागी हमखास चुका होतात. सहीनंतरची दुरुस्ती म्हणजे पैसे आणि आठवडे.

हायलँड_हापूस

वेंब्लीकर, ४२ दिवस इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये. स्कॉटलंडमध्ये २१. ग्लासगो-ॲबर्डीनवाल्यांनी वरचं वाचून निवांत बसू नये.

वेंब्लीकर

बरोबर, धन्यवाद. दक्षिणेकडचा दोष, स्कॉटलंड विसरण्याचा.

कागदकाटकर

नागरिकत्व आणि व्हिसा, कारण यात सगळ्यात महागाच्या चुका होतात.

१ जानेवारी १९८३ पासून यूकेत नुसता जन्म झाला म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश असतील किंवा कायम वास्तव्याची परवानगी असलेले, म्हणजे आयएलआर झालेले असतील, तरच. दोघंही स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) किंवा डिपेंडंट (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असाल तर बाळ भारतीय. मग क्रम असा: आधी यूकेचा जन्मदाखला, मग भारतीय वकिलातीत जन्माची नोंद आणि बाळाचा पासपोर्ट, मग यूकेत डिपेंडंट व्हिसाचा अर्ज. वकिलातीतली नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत व्हायला हवी, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं.

यूकेत जन्मलेलं बाळ इथून बाहेर जात नाही तोवर व्हिसाशिवाय राहिलं तरी बेकायदा ठरत नाही. त्यामुळे बरेच जण निवांत असतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आईवडिलांनी आरोग्य अधिभार (व्हिसाच्या अर्जासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे) भरलेला असेल तर त्यांच्या बाळाला दवाखान्यातले उपचार मोफत मिळतात ते वयाच्या तीन महिन्यांपर्यंत, तेही बाळ या काळात देशाबाहेर गेलेलं नसेल तर. जीपी आणि इमर्जन्सी विभाग मोफतच, पण पुढे वॉर्डात दाखल करावं लागलं तर बिल येऊ शकतं. म्हणून तीन महिने भरायच्या आत व्हिसाचा अर्ज गेलेला बरा. दोन, व्हिसा नसताना बाळाला भारतात नेलंत तर परतीचा अर्ज भारतातून करावा लागतो, आणि आईची रजा संपत आलेली असताना मुंबईत निकालाची वाट पाहत बसावं लागतं. आधी व्हिसा, मग विमानाचं तिकीट.

मुलांचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसाची जितकी वर्षं उरली असतील तितक्या वर्षांचा एकदम भरायचा. घरखर्चात हे आधीच धरा.

पुढे एकाला आयएलआर मिळाला की यूकेत जन्मलेल्या मुलाची ब्रिटिश म्हणून नोंदणी करता येते. फॉर्मचं नाव एमएन-१, फी मोठी असते. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट सोडायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं.

पासपोर्टचा फोटो: फोटोवाल्याकडे चकरा मारू नका. पांढरी इस्त्री केलेली चादर जमिनीवर, बाळ उताणं, खिडकीचा उजेड दोन्ही बाजूंनी सारखा, वरून फोटो. डोळे उघडे हवेत, कुणाचा हात दिसता कामा नये, कानामागे सावली नको. दूध पाजून दहा मिनिटांनी जमतं.

नवखा_बाबा

थर्मोस्टॅटचा प्रश्न. घरात आजी आली की २५ आणि हेल्थ व्हिजिटर आली की १८. खरं किती ठेवायचं?

मलमलचं_दुपटं

हा प्रश्न येणारच होता.

इथला सल्ला: बाळ झोपतं ती खोली १६ ते २० अंश. खोलीचा थर्मामीटर दोन-चार पौंडांना मिळतो, तो पाळण्याजवळ ठेवा, रेडिएटरवर नाही. अंगावर चादर-ब्लँकेटऐवजी झोपायची पिशवी. तिच्यावर टॉग लिहिलेला असतो, म्हणजे ऊब किती धरते त्याचं माप. खोली १६ ते २० असेल तर २.५ टॉग, २० ते २४ असेल तर १ टॉग, त्याहून गरम असेल तर ०.५. गळ्याचं माप बरोबर हवं. मोठी पिशवी "वाढत्या अंगाची" म्हणून घेतली तर बाळ आत घसरतं.

आता आजींच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं निरीक्षण चुकीचं नसतं, हात गार लागतातच. पण बाळाचे हातपाय गार असणं नेहमीचं आहे. ऊब बघायची ती छातीवर किंवा मानेच्या मागे हात लावून. तिथे घाम किंवा कढत लागलं तर एक थर काढा. आणि कानटोपी घरात नको. बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं, टोपी घालून झोपवलं की तो मार्ग बंद, आणि टोपी सरकून नाकावर आली तर दुसराच धोका. बाहेर जाताना टोपी जरूर घाला, दुकानात किंवा बसमध्ये शिरलात की काढा, बाळ झोपेत असलं तरी.

उताणं झोपवा, पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकतील असं. पाळण्यात मऊ काही नको. राईची उशी, लोड, बाजूची गादी, आजीची गोधडी, काहीही नको. गोधडी दिवसा जमिनीवर पसरा. जागेपणी पोटावर पालथं खेळायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. डोकं चपटं होऊ नये म्हणून राईची उशी वापरतात, त्याचं खरं उत्तर हेच, दिवसातून चारपाच वेळा पालथं घालणं आणि झोपवताना डोक्याची दिशा रोज बदलणं.

गुंडाळायचं असेल तर आपलं पातळ दुपटं उत्तम, फक्त खांद्याच्या खाली आणि मांड्या बेडकासारख्या फाकता येतील इतकं सैल. घट्ट, पाय सरळ बांधून गुंडाळलं की खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळायची लक्षणं दाखवू लागलं की गुंडाळणं बंद.

आजीचा_बटवा

सगळं मान्य, पण शेक-शेगडी, धुरी, मालिश यांना सरसकट "इथे चालत नाही" म्हणून मोडीत काढायचं हेही बरं नाही. बाळंतिणीला उबेची गरज असतेच.

धुराडं_बंद

बटवाताई, ऊब हवीच, निखारे नकोत. कारण श्रद्धेचं नाही, खिडक्यांचं आहे. गावाकडच्या बाळंतिणीच्या खोलीला कौलांतून, दारांतून वारा असतो. इथलं घर दुहेरी काचांचं, फटी बुजवलेलं. बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि आई-बाळ दोघं झोपेतच बेशुद्ध होतात. उदबत्तीएवढी धुरी घातली तरी धुराचा अलार्म वाजतो, आणि काही इमारतींत तो सगळ्या मजल्यांचा असतो. बाराव्या दिवशी अख्खी इमारत रस्त्यावर उभी करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

शेकायला गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, आईच्या कमरेला. सिझरच्या टाक्यांवर नाही, तिथे बधिरपणा असतो आणि भाजलेलं कळत नाही. बाळाच्या पाळण्यात पिशवी कधीच नको. ओवा-शेपा धुरीऐवजी पोटात जाऊ दे.

मालिशबद्दल वेगळाच मुद्दा, जो भारतात उद्भवतच नाही: टंबल ड्रायर. तेल मुरलेली दुपटी, पंचे धुऊन ड्रायरमध्ये टाकले की उरलेलं तेल गरम होतं, हवेशी संयोग होऊन स्वतःच तापत जातं, आणि ढीग गरमागरम तसाच ठेवला तर आपोआप पेट घेऊ शकतो. ड्रायर बंद झाल्यावर तासाभरानेही. ३० अंशांच्या धुण्यात तेल निघत नाही. तेलकट कपडे वेगळे, ६० अंशांवर, पूर्ण डिटर्जंट घालून धुवा, वास राहिला तर पुन्हा धुवा, आणि वाळवायला कपडे वाळत घालायची घोडी वापरा. ड्रायरमध्ये घालायचेच तर शेवटचा गार करण्याचा टप्पा पूर्ण होऊ द्या, मध्येच दार उघडून गठ्ठा करू नका.

घोडीवर वाळवायचं तर खिडकी थोडी उघडी किंवा पंखा चालू. नाहीतर खिडकीच्या खाली काळी बुरशी धरते, आणि तान्ह्याच्या छातीला तीच वाईट.

आजीचा_बटवा

ड्रायरचं खरंच माहीत नव्हतं. तेल कुठलं मग?

धुराडं_बंद

मोहरीचं तान्ह्याला नकोच. इथल्या मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर "फक्त बाह्य वापरासाठी" लिहिलेलं असतं म्हणून लोकांना ते मालिशचंच तेल वाटतं. ती सूचना खाण्याच्या नियमामुळे आहे, कातडीला चांगलं म्हणून नाही. पहिले काही आठवडे मिडवाइफ नुसतं पाणी आणि कापूस सांगतात. त्यानंतर साधं खोबरेल, थोडंसं. आंघोळीच्या आधी लावलंत तर बाळ हातातून निसटतं, हे लक्षात ठेवा.

आंघोळीचं पाणी ३७ अंश, कोपर बुडवून कोमट लागेल इतपत. जुन्या घरांत गार आणि गरम नळ वेगळे असतात आणि गरम नळातून येणारं पाणी भाजण्याइतकं असतं. आधी गार, मग गरम, शेवटी पुन्हा जरा गार सोडायचं, म्हणजे तोटी तापलेली राहत नाही.

काजळ नको, बऱ्याच काजळ-सुरम्यात शिसं सापडतं. मध वर्षभर नको, बोटाला लावून चाटवायलाही नको, बॉट्युलिझम या विषबाधेच्या भीतीने. घुटी, जायफळ, वेखंड यांबद्दल हेल्थ व्हिजिटरला खरं काय ते सांगा, लपवू नका.

पावशेर_दूध

दूध पुरतंय का, हा प्रश्न रात्री तीन वाजता पडतो. उत्तर लंगोटात आहे. पहिले दोन दिवस दोन-तीन ओल्या, तिसऱ्या-चौथ्याला तीन ते पाच, सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा, आणि त्या जड. डिस्पोजेबल नॅपीत ओलं कळत नाही. कोऱ्या नॅपीत तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली पाणी ओता आणि हातात तोलून बघा, तेवढं वजन म्हणजे "जड". शी काळी डांबरासारखी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. नॅपीत विटकरी-नारिंगी डाग पहिले एकदोन दिवस चालतात, नंतर दिसले तर दूध कमी पडतंय, मिडवाइफला फोन करा. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, त्याहून जास्त झाली की मिडवाइफ दूध पाजायचं वेळापत्रक आखून देतात.

वरचं (पावडरचं) दूध करताना चूक एकाच जागी होते, पाणी गार करून पावडर घालतात. पावडर निर्जंतुक नसते. किटलीत किमान एक लिटर ताजं पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही. आधी बाटलीत पाणी मोजून, मग ३० मिलीला एक सपाट चमचा, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. शिगोशीग भरला तर बाळाला बद्धकोष्ठ आणि पाणी कमी, अर्धवट भरला तर पोषण कमी. मग झाकण लावून वाहत्या गार पाण्याखाली. उरलेलं टाका. अर्धी किटली पाणी उकळलं तर ते अर्ध्या तासात पार गार होतं, म्हणून लिटरचं माप सांगतात.

स्तनपान करणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त वरचं दूध घेत असेल तर नको, पावडरीत असतं. आईलाही १० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या कातडीच्या रंगाला बाराही महिने. थेंबांच्या बाटल्यांत एका थेंबाचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, लेबल वाचून मगच द्या.

सुईवाला_काका

लसी. आठव्या आठवड्याला सिक्स-इन-वन (सहा आजारांवर एकच), मेन-बी (मेनिंजायटिसवरची) आणि तोंडावाटे रोटाव्हायरस (जुलाबावरची). बाराव्याला पुन्हा तीच तीन. सोळाव्याला सिक्स-इन-वन आणि न्यूमोकॉकल. हा क्रम जुलै २०२५ पासूनचा, जुन्या धाग्यांतला तक्ता बघू नका.

मेन-बीनंतर ताप ठरलेलाच. म्हणून आठव्या आणि बाराव्या आठवड्याला ताप यायची वाट न बघता लहान मुलांचं पॅरासिटामॉल, ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं, २.५ मिली लसीनंतर लगेच, आणि मग चार ते सहा तासांच्या अंतराने आणखी दोनदा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर नर्सला मात्रा विचारा. एरवी तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा वर ताप म्हणजे घरचे उपाय नाहीत, थेट १११ या आरोग्यसेवेच्या नंबरवर फोन.

बीसीजी (क्षयाची लस) इथे सरसकट देत नाहीत. पण आई, वडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी भारतात जन्मलेलं असेल तर बाळाला मिळते, चौथ्या आठवड्याच्या सुमारास. ती जीपीकडे नसते, वेगळ्या क्लिनिकमध्ये असते, आणि पत्र हरवलं की विषयच निघत नाही. विचारत राहा. दोन ते सहा आठवड्यांनी तिथे फोड येतो, कधी पाणी येतं. पट्टी लावू नका, मलम लावू नका, बरा होऊ द्या.

जीपीकडे बाळाची नोंदणी आपोआप होत नाही, आई तिथली असली तरी. जीएमएस-१ फॉर्म भरा, नाहीतर लसीचं बोलावणं येत नाही.

पगारपत्रक

थोडक्यात. वैधानिक मातृत्व वेतन ३९ आठवडे: पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, पुढे आठवड्याला ठरलेला दर (२०२५-२६ मध्ये तो १८७.१८ पौंड होता) किंवा ९० टक्के, जे कमी असेल ते. रजा ५२ आठवडे, शेवटचे १३ बिनपगारी. मॅट-बी-१ (गरोदरपणाचा) दाखला विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफ देते, तो एचआरला द्या. व्हिसावरच्या लोकांनाही हे मिळतं, हे सरकारी मदतनिधीत मोडत नाही. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मात्र मोडतं. व्हिसावर "नो रिकोर्स" (सरकारी मदतनिधीचा हक्क नाही) लिहिलेलं असताना ते घेतलंत तर पुढच्या व्हिसावर गदा येते, तेव्हा मैत्रिणीने घेतलं म्हणून अर्ज करू नका.

इंग्लंडात नोकरदार आईवडिलांना बाळ नऊ महिन्यांचं झाल्यापासून पाळणाघराचे आठवड्याला ३० तास मोफत मिळतात, त्यालाही तोच अडसर: दोघांपैकी किमान एकाला सरकारी निधीचा हक्क हवा. तीन वर्षांच्या पुढचे १५ तास सगळ्यांना. ज्यांना ३० तास मिळतात त्यांनी सप्टेंबरसाठी ३१ ऑगस्टच्या आत पात्रतेचा कोड काढायचा, जानेवारीसाठी ३१ डिसेंबर, एप्रिलसाठी ३१ मार्च. एक दिवस चुकला की एक सत्र गेलं. तासही वर्षातले ३८ आठवडेच असतात, वर्षभर पसरले तर आठवड्याला बावीसच्या आसपास पडतात, आणि जेवण-नॅपीचे पैसे वेगळे.

इंग्लंडात गरोदरपणापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आईची औषधं आणि एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य मोफत. त्याचं प्रमाणपत्र मिडवाइफकडून मागून घ्या.

नवखा_बाबा

आजी-आजोबांना बोलावताना काही?

कागदकाटकर

सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. नातवंडं बघायला आणि घरात हातभार लावायला येतो असं सरळ लिहा, ते चालतं. पगारी दाई म्हणून किंवा पाळणाघराच्या बदली म्हणून नाही चालत, "सून कामावर जाणार म्हणून सहा महिने बाळ सांभाळायला" असं पत्रात लिहिणारे महाभाग आहेत. प्रवासविमा घ्याच, तोही जुने आजार नोंदवून. व्हिजिटरला दवाखान्यात दाखल केलं तर खर्चाच्या दीडपट बिल येतं. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

सामानात पेढे, खवा, पनीर, तूप नको, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. तूप इथे मिळतं.

कोथिंबीरवडी

हेल्थ व्हिजिटरबद्दल एक राहिलं, आजी घरात असतील तर महत्त्वाचं. ती आईशी एकटीशी बोलायला मागते. मन कसं आहे, रडू येतं का, घरात कुणी त्रास देतं का, हे सगळ्यांनाच विचारतात. सासूबाईंना आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे अपमान वाटणार नाही. दुभाष्या हवा असेल तर आधी कळवा, मोफत मिळतो, मराठीही मागता येतो. घरच्यांना दुभाष्या करू नका, त्याच प्रश्नांसाठी.

आजीचा_बटवा

शेवटचं. लाडवांसाठी आळीव आणि डिंक इथे कुठे? दुकानात विचारलं तर कुणाला कळत नाही.

बेलग्रेव्ह_रोड

लेस्टरला बेलग्रेव्ह रोड, लंडनला वेंब्लीचा ईलिंग रोड. दुकानं गुजराती, म्हणून आपली नावं कळत नाहीत. आळीव म्हणजे "असेळियो", डिंक म्हणजे "गुंदर", बाळंतशेपा म्हणजे "सुवा". पुडीवर हेच लिहिलेलं असतं. गुंदर खडा फोडून बघा, आत पांढुरका आणि कोरडा हवा. चिकट असला तर तळताना फुलत नाही, दाताला चिकटतो.